आगकाड्यांपासून संगणकापर्यंत : चलत्‌चित्रांची कला आणि तिचे शिक्षण



बडोद्याच्या म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या फतेगंज भागात विद्यार्थ्यांची वर्दळ नवीन नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परिसर जवळच असल्याने येथील रस्ते, खानावळी आणि पुस्तकांची दुकाने विद्यार्थ्यांनी नेहमीच गजबजलेली असतात. अलीकडच्या काळात या वर्दळीत एका नव्या विद्येच्या विद्यार्थ्यांची भर पडली आहे. संगणकावर चित्रांना गती देणे, अक्षरे नाचविणे, छायाचित्रणाने टिपलेल्या दृश्यात नसलेला पाऊस पाडणे किंवा असलेला खांब नाहीसा करणे अशी कामे हे विद्यार्थी शिकतात. या विद्येला सामान्यतः मोशन ग्राफिक्स, अ‍ॅनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्ट्‌स या नावांनी ओळखले जाते. गायकवाडांच्या कारकीर्दीत नोकरी, विद्या आणि कला यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे बडोद्यास आली व येथेच स्थायिक झाली, त्यांच्या घरांतील मुलेमुलीही या विद्येकडे वळत आहेत.

या संदर्भात दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पालक विचारतात, “एवढी फी भरून मुलाला कायमचे काम मिळेल काय?” विद्यार्थी विचारतात, “कोणते सॉफ्टवेअर शिकावे?” पहिला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले गेले पाहिजे. दुसरा प्रश्न मात्र ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपात तो विद्यार्थ्याला चुकीच्या दिशेने नेतो. या दोन्ही प्रश्नांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. तो स्पष्ट करण्यासाठी प्रथम बडोद्याच्याच एका विद्यार्थ्याची हकीकत पाहणे उपयुक्त ठरेल.

कलाभवनातील विद्यार्थी

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली. रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे प्रमुख होते. तंत्रविद्या देशी भाषांतून शिकविली गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आजच्या विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा याच संस्थेतून वाढली.

या कलाभवनात शिकलेल्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होत. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि त्यानंतर ते बडोद्यास आले. कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंगातील चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, मूर्तिकाम आणि वास्तुरचना यांचाही अभ्यास केला. आदर्श नाट्यगृहाची त्यांनी तयार केलेली प्रतिकृती १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदकास पात्र ठरली. रतलाम येथे जाऊन ते ब्लॉक तयार करण्याची व रंगीत छपाईची कला शिकले. प्रा. गज्जर यांनी त्यांना कलाभवनातील छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली. पुढे त्यांनी गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले, बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग आत्मसात केले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली आणि ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला.

वयाच्या चाळिशीपर्यंतची ही जंत्री पाहिली तर एखाद्या व्यवहारी गृहस्थास वाटेल की, या माणसाचे कोणत्याच धंद्यात बस्तान बसले नाही. परंतु १९११ साली गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि स्वतः चित्रपट काढण्याचा निश्चय केला, तेव्हा या सर्व विद्या एकाच वेळी कामास आल्या. पडदे रंगविणारा हात, प्रकाशाची जाण असलेला डोळा, रसायनांची माहिती, यंत्र उघडून पुन्हा जोडण्याचे धैर्य आणि प्रेक्षकांची नजर कोठे फसते हे ओळखणारी जादूगाराची दृष्टी, या सर्वांची चित्रपटास गरज होती. चलत्‌चित्रणाचा कॅमेरा फाळके यांना कलाभवनात शिकविला गेला नव्हता, कारण त्या वेळी तो प्रचारात आलेला नव्हता. कलाभवनाने त्यांना जे दिले, त्याच्या बळावर ते पुढे आलेले यंत्र अल्पावधीत आत्मसात करू शकले. आजच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

वाटाण्याचा वेल

१९१२ च्या आरंभी फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. तेथून त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागविले. परत आल्यावर भांडवल उभे करण्यासाठी काही तरी दाखविणे आवश्यक होते. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची थोडी थोडी चित्रे दिवसांमागून दिवस घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा तो चित्रपट जेमतेम मिनिटभराचा होता. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वेल उगवून मोठा झाला आणि भांडवलाची सोय झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

यातील गणित समजून घेण्याजोगे आहे. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे पडद्यावर येत. म्हणजे एका मिनिटासाठी सुमारे ९६० चित्रे लागतात. ती महिनाभरात घ्यावयाची झाल्यास दररोज बत्तीस चित्रे घ्यावी लागतील आणि त्या काळात कॅमेरा जागचा हलता कामा नये, प्रकाशातही मोठा फरक पडता कामा नये. सर्व अ‍ॅनिमेशनचे मूळ या गणितात आहे. वस्तू प्रत्यक्षात हलत नाही. एका चित्रात आणि दुसऱ्या चित्रात किती अंतर ठेवावयाचे हे कलावंत ठरवितो आणि त्या अंतरातून प्रेक्षकाच्या मनात गती निर्माण होते.

१९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात फाळके यांनी हेच तंत्र आगकाड्यांना लावले. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा एक चित्र घ्यावयाचे. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत त्यांनी योजलेल्या चमत्कृतिदृश्यांमागेही हाच हिशेबीपणा होता. आपल्या आडनावाची अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. ट्रिकसीन आणि हातचलाखी ही त्यांच्या दृष्टीने एकाच कुळातील विद्या होती.

हातांनी काढलेली चित्रे

मराठी भूमीवरील पुढील प्रवास थोडक्यात सांगता येईल. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा कोल्ह्यावरील व्यंगचित्रपट काढला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी ‘एक, अनेक और एकता’ हा लहान मुलांसाठीचा चित्रपट तयार केला. भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनने सजलेला हा चित्रपट पुढे दूरदर्शनमुळे देशभरातील मुलांच्या परिचयाचा झाला.

त्या काळी पारदर्शक पत्र्यांवर प्रत्येक चित्र हातांनी काढून व रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवावे लागे. सेकंदाला चोवीस चित्रे धरली तर दहा मिनिटांच्या चित्रपटात १४,४०० फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेमपुरते वापरले तरी ७,२०० चित्रे काढावी लागतात. हा भार वाटून घेण्यासाठी एक पद्धत रूढ झाली. मुख्य कलावंत हालचालीतील महत्त्वाची चित्रे काढी. उदाहरणार्थ, हात खाली असताना एक, वर जाताना एक आणि पूर्ण वर गेल्यावर एक. मधली चित्रे त्याचे साहाय्यक पूर्ण करीत. महत्त्वाच्या चित्राला ‘की’ म्हणत. आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये जो ‘कीफ्रेम’ शब्द येतो, तो याच कारखान्यातून आला आहे.

संगणकाने काय बदलले

मोशन ग्राफिक्ससाठी आज जगभर वापरले जाणारे ‘आफ्टर इफेक्ट्‌स’ हे सॉफ्टवेअर १९९३ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील एका छोट्या कंपनीने बाजारात आणले. १९९४ पासून ते अ‍ॅडोबी कंपनीकडे आहे. ते प्रथम उघडणाऱ्याच्या समोर शेकडो आज्ञांची यादी येते आणि तो गोंधळून जातो. परंतु या आज्ञांच्या मागे असलेल्या कल्पना थोड्या आहेत आणि त्या बहुतेक जुन्या आहेत.

पहिली कल्पना थरांची. पूर्वी पारदर्शक पत्रे एकावर एक ठेवीत. आता पार्श्वभूमी, पात्र, सावली आणि अक्षरे यांचे स्वतंत्र लेअर एकावर एक रचले जातात. डिस्ने स्टुडिओने १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात काचेचे निरनिराळे थर अंतराअंतरावर ठेवून खोलीचा भास निर्माण केला होता. आज संगणकातील काल्पनिक कॅमेऱ्यासमोर थर मागेपुढे ठेवून तेच साधले जाते.

दुसरी कल्पना झाकणीची. फितीचा अर्धा भाग झाकून चित्रण करावयाचे, फीत मागे न्यावयाची आणि उरलेल्या भागावर दुसरे दृश्य घ्यावयाचे, ही ट्रिकसीनची जुनी युक्ती. तिलाच आज मास्क किंवा मॅट म्हणतात. चित्रातील प्रत्येक बिंदू किती पारदर्शक आहे हे रंगाबरोबरच नोंदवून ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्रज्ञांनी बसविली आणि झाकणीचे काम सुकर झाले. हिरव्या किंवा निळ्या पडद्यासमोर चित्रण करून तो रंग काढून टाकणे हाही झाकणीचाच प्रकार होय. हा पडदा बहुधा हिरवा किंवा निळा निवडतात, कारण मनुष्याच्या कातडीच्या छटांपासून हे रंग दूरचे आहेत.

तिसरी कल्पना रेखाटून घेण्याची. चित्रित केलेल्या माणसाच्या कडा फ्रेममागून फ्रेम गिरवून घेण्याच्या यंत्राचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ साली अमेरिकेत मिळाले. या कामाला आजही रोटोस्कोपिंग अथवा ‘रोटो’ म्हणतात.

चौथी कल्पना वेगाच्या वक्ररेषेची. रेनॉल्ट या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी मोटारींच्या सांगाड्यांच्या आरेखनासाठी जी वक्ररेषा वापरात आणली, तीच आज संगणकात आकार काढण्यासाठी आणि वस्तूचा वेग कमीजास्त करण्यासाठी वापरतात. विद्यार्थ्याची खरी कसोटी येथे लागते.

एका चेंडूचे उदाहरण

टेबलावरून चेंडू जमिनीवर पडतो, एवढेच दृश्य घ्यावे. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या आणि चेंडू दहा फ्रेममध्ये खाली आला, तर तो ०.४ सेकंद पडत होता. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार एवढ्या वेळात तो सुमारे ७८ सेंटिमीटर पडेल. म्हणजे टेबलाची उंची बरोबर आली. नवशिका विद्यार्थी वर एक कीफ्रेम व खाली एक कीफ्रेम देतो आणि मधले काम संगणकावर सोपवितो. संगणक हिशेबाने ते अंतर दहा समान भागांत वाटून देतो. प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू ७.८ सेंटिमीटर खाली येतो. गणित बिनचूक असते, पण चेंडू दोरीने सोडल्यासारखा दिसतो.

प्रत्यक्षात पडणाऱ्या वस्तूची लागोपाठच्या समान काळांतील अंतरे एक, तीन, पाच, सात या प्रमाणात वाढत जातात. हा नियम गॅलिलिओने दाखवून दिला. त्या हिशेबाने पहिल्या फ्रेममध्ये चेंडू पाऊण सेंटिमीटरच्या आसपास सरकतो आणि दहाव्या फ्रेममध्ये सुमारे पंधरा सेंटिमीटर. पहिल्या पाच फ्रेममध्ये तो एकूण उंचीच्या फक्त चौथा हिस्सा पार करतो आणि उरलेले तीन हिस्से नंतरच्या पाच फ्रेममध्ये. ही जाण असलेला विद्यार्थी वेगाची वक्ररेषा त्याप्रमाणे वळवितो आणि चेंडूला वजन येते. मग तो चेंडू रबरी आहे की लोखंडी, हे केवळ उसळीच्या उंचीवरून आणि जमिनीस टेकताना होणाऱ्या दबण्यावरून दाखविता येते. ही जाण सॉफ्टवेअर देत नाही. ती पडणारे चेंडू पाहून, वहीत मांडून आणि पुन्हा पुन्हा करून येते. सॉफ्टवेअर बदलले तरी ती विद्यार्थ्याजवळ राहते.

देवनागरीचा प्रश्न

मराठी विद्यार्थ्याला एका अधिकच्या विषयाकडे लक्ष द्यावे लागते. मोशन ग्राफिक्समधील बरेचसे काम अक्षरांचे असते. चित्रपटाची श्रेयनामावली, वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्या, जाहिराती, शासकीय योजनांचे माहितीपट, शैक्षणिक ध्वनिचित्रफिती या सर्वांत अक्षरे हलतात. परंतु ही सॉफ्टवेअरे मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहेत. त्यांत सुटी अक्षरे एकामागून एक आणण्याची तयार योजना असते. ती देवनागरीस जशीच्या तशी लावली की जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाते, रफार भलत्याच ठिकाणी बसतो. ‘मूर्ती’ हा शब्द पडद्यावर विस्कटून आलेला अनेकांनी पाहिला असेल. त्यासाठी भारतीय लिप्यांची मांडणी करणारी योजना सॉफ्टवेअरमध्ये निवडावी लागते, युनिकोड फाँट वापरावे लागतात आणि हालचाल देताना संपूर्ण अक्षर हे एकक धरावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देवनागरीची स्वतःची गती. रोमन अक्षरे बैठकीच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. शिरोरेषा प्रथम ओढली जावी आणि तिच्यातून अक्षरे खाली उतरावीत, अशी योजना या लिपीला शोभते. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि ‘वाऱ्याची’ यासारख्या शब्दांतील ‘ऱ्या’ नीट दिसला पाहिजे, याचेही भान हवे. विंडोज संगणकप्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी फाँट ज्यांनी रेखिला, ते मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी हे हाताने अक्षर घडविणारे कलावंत होते. अलीकडे ‘मुक्त’सारखे उत्तम देवनागरी फाँट विनामूल्यही उपलब्ध आहेत. ज्याला अक्षर लिहिता येते, त्यालाच ते हलविता येते. मराठी अक्षर चांगले हलवू शकणारा कलावंत हवा असलेली कामे मराठीत पुष्कळ आहेत.

अभ्यासाचा क्रम

प्रारंभीचे दोनतीन महिने विद्यार्थ्याने वही, पेन्सिल आणि घड्याळ यांनाच अधिक वेळ द्यावा. फतेगंजच्या विद्यार्थ्याला सयाजीबाग दूर नाही. तेथील प्राणिसंग्रहालयात उभे राहून चालणाऱ्या प्राण्यांची झटपट रेखाटने करावीत. कोणता पाय केव्हा उचलला जातो, वजन कोणत्या बाजूस झुकते, हे पाहावे. बागेतील वस्तुसंग्रहालय व चित्रसंग्रह पाहून प्रकाश व रचना यांचा अभ्यास करावा. विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासून येथे आहे आणि ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या थोर चित्रकाराने तेथे अध्यापन केले आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या कामाची प्रदर्शने पाहणे हेही शिक्षणच आहे.

त्यानंतर सॉफ्टवेअर हाती घ्यावे. प्रथम एकच चेंडू, मग लोलक, मग पाळणा, मग चालणारा माणूस हा क्रम ठेवावा. सर्वसाधारण चालीत एका पावलास सुमारे अर्धा सेकंद लागतो. एवढे एक माप हाताशी धरून म्हातारा, लहान मूल आणि ओझे घेतलेला हमाल यांच्या चाली वेगळ्या करून पाहाव्यात. पुढे मास्क, रोटो, हिरवा पडदा, कॅमेऱ्याच्या हालचालीचा मागोवा आणि धूर, पाऊस, ठिणग्या यांसारखे कणांचे परिणाम क्रमाने शिकावेत. तयार साच्यांचा वापर करून झगमगाट निर्माण करणे सोपे आहे. परंतु तसे काम दुसरा कोणीही तितक्याच सहजतेने करू शकतो, हे विसरता कामा नये.

साधने महाग आहेत म्हणून कोणी मागे राहावे, अशी परिस्थिती आता उरलेली नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त स्वरूपात कोणासही उपलब्ध आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हिया या छोट्या देशातील दिग्दर्शकाचा चित्रपट ब्लेंडरवरच तयार झाला. तेव्हा चोरीच्या प्रती वापरण्याचे समर्थन आता करता येणार नाही.

व्यवसायाची बाजू

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळावयाचे. या क्षेत्रात काम आहे, परंतु स्थैर्य गृहीत धरता येत नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील दृश्यपरिणामांना २०१३ च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाले. त्यातील वाघ ज्या अमेरिकन स्टुडिओने साकारला, त्याने त्याच महिन्यात दिवाळे जाहीर केलेले होते. त्याच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला, तेव्हा बंगळूर व मुंबई येथील कलावंतांवर एकाएकी बेकारी ओढवली. याखेरीज कडा गिरविणे, तारा पुसणे यांसारखी कामे, ज्यांवर नवशिक्या मुलांची पहिली नोकरी अवलंबून असे, ती आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बऱ्याच अंशी यंत्राकडे जात आहेत. केवळ बटणे शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन यामुळे सरकते. ज्याला हालचालीचे वजन, प्रकाशाची दिशा आणि कथनाची गरज कळते, त्याला मात्र यंत्राने दिलेले काम तपासण्यासाठी व सुधारण्यासाठी बोलाविले जाते. त्याचीही नोकरी कधी जाणार नाही असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही, पण तो दुसरे साधन लवकर शिकतो.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी काही चौकशी अवश्य करावी. वर्गातील शिक्षकांनी स्वतः केलेले काम पाहावे. मागील विद्यार्थ्यांच्या चित्रफिती पाहाव्यात आणि त्यांतील किती भाग विद्यार्थ्याने स्वतः केला हे विचारावे. रेखाटन शिकविले जाते काय, संगणकावर प्रत्यक्ष सरावास किती तास मिळतात, अर्ध्यावर वर्ग सोडावा लागल्यास फीचे काय होते, हे लेखी घ्यावे. हमखास नोकरीच्या तोंडी आश्वासनावर कर्ज काढू नये. विद्यार्थ्यानेही नोकरीसाठी स्वतःच्या कामाची मिनिटभराची चित्रफीत तयार करावी. तीत निवडक तेवढेच ठेवावे आणि सामूहिक कामात आपला वाटा कोणता होता हे स्पष्ट लिहावे.

शासनस्तरावर या क्षेत्राची दखल घेतली गेली आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी कृतिदलाची घोषणा झाली. २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स यांसाठीच्या धोरणास मान्यता दिली आणि त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था बडोद्यापासून दोनअडीच तासांच्या अंतरावर आहे. या योजनांचा लाभ होतकरू विद्यार्थ्यांना मिळावयाचा तर पाठ्यसाहित्य मराठीत व इतर भारतीय भाषांत उपलब्ध झाले पाहिजे. प्रा. गज्जर यांनी ज्या आग्रहाने तंत्रविद्या देशी भाषेत आणण्याचा प्रयत्न केला, त्याची आठवण या निमित्ताने होणे स्वाभाविक आहे. वेगाची वक्ररेषा, झाकणी, थर या गोष्टी मराठीत समजावून सांगता येतात आणि मराठीत समजलेल्या गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात लवकर उतरतात.

समारोप

फाळके यांचा अखेरचा काळ सुखाचा गेला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटव्यवसाय खूप मोठा झालेला होता आणि त्याच्या जनकाच्या हाती त्यातील फारसे काही उरलेले नव्हते. या व्यवसायाची अनिश्चितता त्याच्या जन्मापासूनची आहे, हे त्यावरून दिसते. परंतु कुंडीतील वाटाण्यासमोर दिवसांमागून दिवस कॅमेरा घेऊन बसण्याची जी चिकाटी त्यांच्यापाशी होती, तिच्या आधारेच त्यांनी प्रत्येक वेळी नव्याने उभे राहण्याचा प्रयत्न केला.

फतेगंजच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या समोरचा पडदा फाळके यांनी कल्पनाही केली नसेल इतका समर्थ आहे. त्या पडद्यावर दोन कीफ्रेममधील अंतर किती असावे, हे मात्र त्याला आजही स्वतःच ठरवावे लागते. ते ठरविता येईल एवढे शिक्षण त्याने येथून घेऊन जावे. मग पुढे कोणतेही यंत्र आले तरी त्याला त्याची धास्ती वाटणार नाही.